न अडवल्याची नोंद : गोल्फ क्लब ते काळाराम, धावण्याच्या प्रकल्पाची वही

८ डिसेंबर २०२४, रविवार

नाशिकच्या धावणाऱ्यांच्या गटाचा प्रकल्प : पळताना कुणाला अडवलं जातं आणि कुणाला नाही, याची नोंद ठेवायची. पहिलं काम नकाशाचं. गटातल्या प्रत्येकाने घड्याळातून मागच्या ९० दिवसांच्या धावांच्या जीपीएक्स फाइली, म्हणजे धावेच्या वाटेच्या नोंदी, काढून दिल्या. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या थरावर त्या एकत्र टाकल्या.

फाइली एकत्र करण्याआधी प्रत्येक धावेची दोन्ही टोकं ३०० मीटर छाटायची. नाहीतर कोण कुठं राहतं आणि किती वाजता घराबाहेर पडतं हे नकाशा पाहणाऱ्या कुणालाही कळतं, आणि एकट्या धावणाऱ्या बाईसाठी हा धोका खरा आहे. ज्यांच्या अॅपमध्ये घराभोवतीचा भाग आधीच झाकलेला होता, त्यांची टोकं दोनदा छाटली गेली. अशा फाइलींना वेगळी खूण करून ठेवली.

दुसरी अडचण अचूकतेची. दर सेकंदाला बिंदू नोंदवणारं घड्याळ आणि बॅटरी वाचवायला मधले बिंदू गाळणारं घड्याळ, यांच्या रेषा वळणावर जुळत नाहीत. गाळणारं घड्याळ कोपरे कापतं. जुन्या नाशकातल्या बोळांत दोन्ही बाजूंना वाडे उभे असल्यामुळे सिग्नल उसळतो आणि रेषा चक्क घरांच्या छपरांवरून जाते. म्हणून प्रत्येक रेषेला दोन्हीकडून २५ मीटरचा पट्टा दिला. त्या पट्ट्यात आलेला रस्ता 'धावलेला' धरला.

नकाशावर गंगापूर रोड, कॉलेज रोड, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आणि गोल्फ क्लब इथं रेषांचा जाड गुंता आहे. नदी ओलांडली की रेषा विरळ. पेठ रोडच्या वस्त्या, जुन्या नाशकातले मोहल्ले, सातपूर-अंबडकडच्या कामगार वस्त्या इथं नकाशा कोरा. त्या भागांतून जाणारे मुख्य रस्ते रुंद आहेत, दिवे आहेत, चढ नाहीत. धावण्याच्या दृष्टीने टाळण्यासारखं काही नाही. कोरेपणाचं कारण रस्त्यात सापडत नाही, म्हणून ते धावणाऱ्यात शोधायचं, एवढंच आज वहीत लिहिलं.

नकाशाची एक मर्यादाही लगेच लिहून ठेवली. ज्याच्याकडे घड्याळ आहे त्याचीच धाव त्यावर उमटते. पहाटे पाचला पेठ रोडवर कापडी बुटांत पळणारी पोलीस भरतीची पोरं त्यावर नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

नोंदीचा कागद तयार केला. एका धावेला एक पान, धाव संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत भरायचं. उशीर झाला की आठवण स्वतःच्या सोयीने वळते.

वरच्या भागात वेळ, मार्ग, उजेड किती, एकट्याने की गटाने, अंगावर काय. खाली दोन रकाने : 'विचारलं' आणि 'विचारलं नाही'. पहिल्यात कुणी हटकलं तर नेमके शब्द लिहायचे. दुसऱ्यात जे घडलं नाही ते लिहायचं.

सगळ्या प्रकल्पाचा जीव या दुसऱ्या रकान्यात आहे. ज्याला कुणी अडवत नाही त्याला आपण अडवले जात नाही हे जाणवतच नाही. पहाटेच्या अंधारात डोक्यावर हुड ओढून बंगल्यांच्या गल्लीतून जोरात पळणं ही काहींना सवय वाटते. दुसऱ्या कुणासाठी तेच पळणं 'काहीतरी करून पळतोय' असं दिसतं.

२२ डिसेंबर, रविवार

आठवड्याचे कागद आले आणि दुसरा रकाना जवळजवळ सगळ्यांचा कोरा. दोष कागदाचा होता. 'काय घडलं नाही' असा मोकळा प्रश्न विचारला तर उत्तर सुचत नाही. म्हणून तो रकाना काढून ठरावीक प्रश्न घातले, उत्तर हो किंवा नाही :

सोसायटीच्या, कॉलेजच्या किंवा बागेच्या फाटकातून आत गेलात का? फाटकाचा क्रमांक? कुणी विचारलं का?
टपरीवर पाणी मागितलंत का? सगळ्यांसाठी ठेवलेल्या ग्लासातूनच मिळालं का?
कुणाच्या कुंपणाला टेकून लेस बांधली किंवा स्ट्रेचिंग केलं का? आतून कुणी पाहिलं का, काय म्हणालं?
पोलिसांची गाडी जवळून गेली का? वेग कमी झाला का?
कुणी आडनाव विचारलं का?
बोलणारा 'तू' म्हणाला की 'तुम्ही'?

नेहमीच्या मार्गांवरच्या फाटकांना क्रमांक दिले. क्रमांक समोर असला की माणसाला फाटक आठवतं.

आजच एक प्रयोग रद्द केला. कल्पना अशी होती की एकाच मार्गावर, एकाच वेगात, एकसारख्या कपड्यांत दोघांनी दहा मिनिटांच्या अंतराने धावायचं आणि कोणाला किती वेळा हटकलं जातं ते मोजायचं. मोजणीच्या अंगानेच त्यात खोट आहे : पहिला गेला की वॉचमन सावध होतो आणि दुसऱ्याची नोंद बिघडते. क्रम उलटसुलट केला, दिवस वेगळे केले, तर ती खोट निघेल. पण दुसरी खोट निघत नाही. ज्याला अडवलं जाण्याची शक्यता जास्त, त्यालाच पुन्हा पुन्हा अडवून घ्यायला पाठवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अपमानावरून शिकायचं, हे चालणार नाही. मोजायचं असेल तर ज्यांना अडवलं जात नाही त्यांनी स्वतःचं मोजावं. कागद तेवढ्यासाठीच आहे.

२९ डिसेंबर, रविवार

वाटेतल्या जागांची गोष्ट सांगत गटाने धावायचे मार्ग आखायचे. मार्ग १ ठरला : गोल्फ क्लब मैदान, त्र्यंबक नाका, सीबीएस, मेहेर, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल, मालेगाव स्टँड, काळाराम मंदिराचा पूर्व दरवाजा.

मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेरेंनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रोजच्या बोलण्यात मात्र ते अजून 'गोल्फ क्लब'च. सुरुवात इथून, कारण नकाशावरचा सर्वांत जाड गुंता इथंच आहे.

शेवट काळारामाशी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक मंदिराकडे निघाली. चार-चारच्या रांगेत जवळपास मैलभर लांब. दरवाजे बंद होते, म्हणून मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथं सभा झाली. ३ मार्चपासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. ९ एप्रिलला रामाचा रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं, तो दुसऱ्या वाटेने पळवून नेला आणि दगडफेक झाली. स्थानिक पातळीवर लढा चालवणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालूनही दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा याच जिल्ह्यातली.

धावणाऱ्याला हे सगळं एका दमात सांगायचं नाही. पूर्व दरवाजाशी तीन मिनिटं थांबायचं, दरवाजे चार आहेत आणि चारही धरले होते एवढंच सांगायचं. धापा टाकणाऱ्या माणसाच्या लक्षात याहून जास्त राहत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

मार्गाचं अंतर २.२३ मैल ठेवायचं, म्हणजे ३,५८८.८ मीटर. का, ते २३ फेब्रुवारीच्या नोंदीत. घड्याळाच्या अंतरावर विसंबायचं नाही; रविवार कारंज्याच्या आसपास प्रत्येक घड्याळ वेगळं बोलतं. सायकलने मोजायचं.

रस्त्यावरच्या शर्यतींचे मार्ग सायकलने मोजायची पद्धत अमेरिकेत रुजवली ती टेड कॉर्बिट यांनी. गुलामीत जन्मलेल्यांचा नातू, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा मॅरेथॉनपटू, न्यूयॉर्क रोड रनर्सचा १९५८ मधला पहिला अध्यक्ष. कॉलेजच्या दिवसांत गोरे धावपटू त्यांच्याबरोबर पळायला तयार नसत, म्हणून काही स्पर्धांतून त्यांनाच बाहेर ठेवलं जाई. त्याच माणसाने १९६४ मध्ये मार्ग मोजण्याची रीत लिहून काढली. अंतर सगळ्यांना सारखंच असलं पाहिजे हा आग्रह कुठून आला असेल, हे समजायला फार लांब जावं लागत नाही.

साहित्य : २८ इंची साधी सायकल, पुढच्या चाकाला ३२ स्पोक, ५० मीटरची पोलादी टेप, ५ किलोचा ताणकाटा, थर्मामीटर, खडू, खिळे. फेरे मोजायला साधा कॅल्क्युलेटर : '=' बटणाच्या दोन टोकांना रीड स्विच (चुंबक जवळ आलं की लागणारा) डाखला, स्विच पुढच्या फोर्कला बांधला, चुंबक स्पोकला. १ + १ = दाबून सोडलं की चाकाच्या दर फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. चुंबक आणि स्विचमध्ये ४-५ मिलिमीटरचीच फट ठेवा. वेग वाढला की मोजणी चुकू शकते, म्हणून ताशी १५ किलोमीटरच्या वर जायचं नाही.

सरळ, सपाट आणि कमी रहदारीच्या रस्त्यावर ३०० मीटरची मोजपट्टी आखली. टेप सहा वेळा टाकली, दर वेळी ताणकाट्यावर ५ किलोचा ताण. रस्त्याचं तापमान १२ अंश. पोलादी टेप २० अंशांना बरोबर असते. थंडीत आकसते, म्हणून ३०० वाचलेलं अंतर प्रत्यक्षात कमी भरतं. हिशेब : ३०० × ०.००००११६ × ८ = ०.०२८. खरं अंतर २९९.९७२ मीटर.

चार फेऱ्या मारल्या, सरासरी १३४ फेरे ४ स्पोक, म्हणजे १३४.१२५. एका फेऱ्याला २.२३६५ मीटर. किलोमीटरला ४४७.१२५ फेरे. त्यात मार्ग चुकूनही आखूड पडू नये म्हणून हजारी एक मिळवायचा : ४४७.५७२. मार्गाला एकूण १,६०६ फेरे आणि ८ स्पोक.

ऊन चढल्यावर परत मोजलं तर १३४ फेरे २ स्पोक. टायरमधली हवा तापून फुगते, चाकाचा घेर वाढतो, फेरे कमी लागतात. दोन्हीतला मोठा आकडा धरला, म्हणजे सकाळचा.

१२ जानेवारी, रविवार

मार्ग मोजला, पहाटे ४.४० ला, वाहनं नसताना. शेवट पक्का (पूर्व दरवाजासमोर), म्हणून उलट दिशेने मोजत आलो आणि फेरे संपले तिथं मैदानाच्या बाजूला सुरुवातीची रेघ मारली. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून, सरळ रस्ता तिरपा कापत, म्हणजे धावणारा जास्तीत जास्त आखूड जाईल तसं चालवायचं. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा स्मार्ट रोडचा तुकडा सोपा. रविवार कारंज्याला हातगाड्या उभ्या असतात, त्यांच्याभोवती फिरलं की फेरे वाढतात. दोनदा मोजून कमी आलेला आकडा घेतला.

सुरुवातीच्या खुणेसाठी रंग नको, रंग पुसतो आणि भिंत खराब होते. डांबरात वॉशरसकट खिळा ठोकला आणि जवळच्या दिव्याच्या खांबापासूनचं अंतर वहीत लिहिलं.

मोजताना रस्त्यावर फक्त सफाई कामगार होते. लांब दांड्याच्या झाडूने अर्धा रस्ता झाडून दर वीस-पंचवीस पावलांवर ढीग घातलेला. धावणारे झाडलेल्या बाजूने पळतात, कारण ती स्वच्छ असते. पायांनी ढीग उडतो आणि तो परत भरावा लागतो. हे काम शहरात पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींकडे आहे. मार्गाच्या सूचनांमध्ये पहिली ओळ हीच घातली : झाडलेली बाजू सोडून पळा, ढिगाशी वेग कमी करा, वळसा घाला.

१९ जानेवारी, रविवार

मार्ग २ : शरणपूर. 'शरणपूर रोड' रोज तोंडी असलेलं नाव, पण शरण कोणाला मिळालं होतं हे गटात कुणी विचारलं नव्हतं. चर्च मिशनरी सोसायटीची ही वसाहत १८५० च्या दशकात उभी राहिली. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने गुलाम वाहणाऱ्या बोटी पकडल्या की सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना इथं आणून सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवलं. पुढे पूर्व आफ्रिकेत हीच माणसं 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखली गेली, आणि आफ्रिकेत फिरलेला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्यातली मुलं 'नासिक बॉइज' म्हणून सामील होती. जेकब वेनराइट त्यांतलाच. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन वारला तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरणारा आणि १८७४ मध्ये शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीपर्यंत जाणारा तो. मोंबासाजवळच्या फ्रेरे टाउन या सुटका झालेल्या गुलामांच्या वसाहतीच्या पहिल्या रहिवाशांत शरणपूरहून गेलेले लोक होते.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकन मुलं या रस्त्यावर मराठी ऐकत वाढली. आज त्याच रस्त्यावरून आफ्रिकन विद्यार्थी चालत गेला तर त्याच्या मागून काय हाक येते, आणि ईशान्य भारतातून आलेल्या मुलीला काय म्हटलं जातं, हे नाशिककर म्हणवणाऱ्या प्रत्येकाने कान उघडे ठेवून ऐकावं. काळाराम आणि सावळा विठ्ठल यांना हात जोडणाऱ्या शहरात 'काळ्या' ही शिवी म्हणून चालते, हे लिहिताना हात जड होतो.

या मार्गावर थांबा एकच, आणि तो कुणाच्या प्रार्थनास्थळाच्या फाटकात नाही. रविवारी सकाळी तिथं लोक प्रार्थनेला येतात. समोरच्या फुटपाथवर उभं राहून सांगायचं.

२६ जानेवारी, रविवार

संविधानाचं कलम १५, पोटकलम २ वाचलं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून आडकाठी करता येत नाही. 'रस्ते' हा शब्द त्यात स्पष्ट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला रस्ता किंवा वाट वापरू न देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

धावताना समोर कुणाला अडवलेलं दिसलं तर काय करायचं, ते छापून प्रत्येकाच्या फोनच्या कव्हरमध्ये घातलं. थांबायचं. अडवलेल्या माणसाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं. त्याला विचारायचं, 'मी थांबू का?' तो नको म्हणाला तर दहा पावलं मागे जायचं, पण नजरेआड व्हायचं नाही. त्याच्या वतीने बोलायला लागायचं नाही. त्याची परवानगी असेल तरच व्हिडिओ. हातघाईवर आलं तर ११२. जातीवरून झालं असेल तर १४५६६. वेळ, जागा आणि शब्द लगेच लिहून घ्यायचे. थांबल्याने आपली धाव बिघडते, स्प्लिट (त्या टप्प्याची वेळ) जातो. तो जाऊ द्यायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

बुटांचा बेत मोडला, आणि बरं झालं. गटातले वापरलेले बूट भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना द्यायचे म्हणून तपासायला घेतले. बहुतेक जोड ६००-८०० किलोमीटर चाललेले. तपासायची रीत : अंगठ्याने बाजूचा फेस दाबायचा, आडव्या सुरकुत्या खोल असतील आणि दाबलेलं लगेच परत फुगत नसेल तर तो मेला. टेबलावर ठेवून मागून पाहायचं. टाच एका बाजूला कललेली असेल तर तो बूट दुसऱ्याच्या घोट्याला मारक. निम्म्याहून जास्त जोड बाद. म्हणजे आपल्याला नको असलेली, पायाला अपाय करणारी वस्तू दान म्हणून पुढे केली जात होती.

मग विचारलं, काय हवंय? उत्तर बुटांचं नव्हतं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी मोजलेली वर्तुळाकार धावपट्टी लागते. शहरातल्या एका मैदानाचं फाटक त्यांच्यासाठी उघडत नाही, पास मागतात. त्याच फाटकातून गटातले लोक विनापास जातात. कागदांत ते फाटक क्रमांक ११. 'विचारलं का?' समोर गटातल्या सगळ्यांचं 'नाही'.

काम बदललं : सायकल आणि टेप घेऊन पेठ रोडच्या बाजूला, मुलं पळतात त्या रस्त्यावर ४०० मीटरचा तुकडा मोजून खिळे ठोकले, १०० आणि २०० वरही. आणि फाटक ११ बद्दल मैदानाच्या व्यवस्थापनाला पत्र. त्यात मागणी एकच : सकाळी ५ ते ७ सगळ्यांना सारखा नियम. पास तर सगळ्यांना पास.

नाशिकच्या धावण्याचं नाव देशात ज्यांनी नेलं त्यांत सावरपाड्याच्या कविता राऊत आहेत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आदिवासी पाड्यातून आलेल्या धावपटूचा सत्कार शहर मनापासून करतं. पदकाच्या आधीच्या वर्षांत पाड्यावरच्या मुलीला मोजलेली धावपट्टी किती हाताशी असते, हा प्रश्न सत्कारात येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बिबचा, म्हणजे धावताना छातीवर लावायच्या पट्टीचा, वाद. मूळ बेत : बिबवर फक्त नाव, आडनाव नाही, कारण महाराष्ट्रात आडनाव विचारणं म्हणजे बहुतेकदा जात विचारणं. गटातच विरोध झाला आणि तो रास्त होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते आडनाव अभिमानाने मिरवायचा हक्क मिळवला त्यांना ते झाकायला सांगणं म्हणजे पुन्हा लपायला सांगणं. ठरलं : बिबवर मोकळी जागा, ज्याने त्याने हवं ते लिहावं. नोंदणीत आडनावाचा रकाना नाही; अडीअडचणीला लागणारी माहिती म्हणजे रक्तगट, घरच्यांचा फोन, औषधाची अॅलर्जी, ती बिबच्या मागे.

१६ फेब्रुवारी, रविवार

कागद चाळले. संख्या थोडी आहे, टक्केवारी काढायची नाही. पण 'तू की तुम्ही' या प्रश्नाने इतर कशापेक्षा जास्त दाखवलं. एका सोसायटीच्या एकाच फाटकावर, एकाच आठवड्यात, दोन कागद. एकावर : 'सर, पार्किंगमधून जा, इकडे ओलं आहे.' दुसऱ्यावर : 'ए, कुठं निघाला? कुणाकडं?' दोघांचा वेग सारखा, वेळ सारखी. पहिल्याच्या मनगटावर मोठं घड्याळ, अंगावर मॅरेथॉनचा टी-शर्ट. दुसरा गटात नवा आलेला, साधी बनियन, सावळा रंग.

वॉचमनवर राग काढून उपयोग नाही. तो बारा तासांच्या पाळीवर आहे, बहुतेकदा स्वतः गावाकडून आलेला, आणि कुणाला हटकायचं हे त्याला कमिटीने सांगितलेलं असतं, कधी शब्दांत, कधी नजरेने. पत्र कमिटीला जाईल. गटातले दोघं त्या सोसायटीत सभासद आहेत. पत्र त्यांच्या सहीने जाईल आणि वार्षिक सभेत विषय तेच मांडतील. विशेषाधिकार वापरायचाच असेल तर तो इथं वापरावा.

२३ फेब्रुवारी, रविवार

२.२३ मैलांची धाव. अमेरिकेत महिना आधी आणि तारीख नंतर लिहितात. २३ फेब्रुवारी म्हणजे २/२३. २०२० मध्ये याच तारखेला जॉर्जिया राज्यात ब्रन्सविक शहराजवळ अहमॉड आर्बरी हा २५ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण जॉगिंग करत होता. तीन गोऱ्या पुरुषांनी दोन गाड्यांतून त्याचा पाठलाग केला आणि एकाने गोळी घातली. त्यांचं म्हणणं, चोर वाटला. व्हिडिओ बाहेर येईपर्यंत, दोन महिन्यांहून जास्त काळ, अटक झाली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघे खुनाबद्दल दोषी ठरले. १८६३ सालापासूनचा, कुणाही नागरिकाला दुसऱ्याला पकडायची मुभा देणारा कायदा जॉर्जियाने २०२१ मध्ये रद्द केला. ८ मे २०२० ला, त्याच्या वाढदिवशी, लोक ठिकठिकाणी २.२३ मैल धावले.

आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला. पारध्याचा पोरगा पहाटे रस्त्याने पळताना दिसला तर गावात आजही पहिला विचार काय येतो, हे सांगायची गरज नाही.

धाव गोल्फ क्लबच्या खिळ्यापासून सुटली. बोलणं नाही, गाणी नाहीत, घड्याळं पाठीमागच्या पिशवीत. वेगाची अट नाही. होळकर पुलावर वारा समोरून होता. पूर्व दरवाजाशी पोचेपर्यंत रांग बरीच लांबली. मागचे येईपर्यंत पुढचे थांबले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

२ मार्चच्या, सत्याग्रहाच्या दिवशीच्या धावेची तयारी. ६० जण धरून पाणी : माणशी २०० मिलिलिटर, १२ लिटर, २० लिटरचा माठ पुरेसा. कागदी कप नाहीत. कचरा शेवटी सफाई कामगारांच्या अंगावर पडतो. माठ एक, डोया एक, स्टीलचे ग्लास बारा. ग्लास ज्याचा त्याने विसळायचा. वाढणारा एकच माणूस ठेवायचा नाही. ज्याचं पिऊन झालं त्याने पुढच्याला ओतून द्यायचं. चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, तर पाणी कुणाच्या हातून येतं हे आजही बारकाईने ठरवायला हवं.

पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. त्या दिवशी मंदिराशी अभिवादनाला लोक येतात. दिवस त्यांचा आहे. गटाने ६.४५ पर्यंत पोचून, बाजूला उभं राहून, ७.१५ ला निघायचं. बॅनर नाही, सेल्फी नाही.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा आजच. जुन्या नाशकाच्या कडेने जाताना सहेरी उरकलेली घरं जागी होती. मोहल्ल्याच्या तोंडाशी काही मुलं विनाबिब सामील झाली आणि पूर्व दरवाजापर्यंत आली. त्यांना मोजणीत धरलं. माठ भरला, संपला, परत भरावा लागला. ६० चा अंदाज कमी पडला.

पूर्व दरवाजाशी माहिती सांगायचं काम गटातल्या कुणी केलं नाही. अभिवादनाला आलेल्या एका आजोबांना विनंती केली. त्यांनी तीन मिनिटांत चार दरवाजांची नावं दिशांसकट सांगितली आणि उभ्या असलेल्यांना विचारलं, 'यातल्या किती जणांनी चारही पाहिलेत?' हात फारसे वर गेले नाहीत. मग सगळ्यांनी मंदिराला बाहेरून फेरी घातली, चालत.

९ मार्च, रविवार

उरलेली कामं. फाटक ११ च्या पत्राला उत्तर नाही. पोच आहे, पुढचं पत्र २३ तारखेला. सोसायटीच्या सभेची तारीख यायची आहे. पेठ रोडवरचा २०० मीटरचा खिळा खोदकामात गेला. टेप घेऊन बुधवारी पहाटे परत मोजायचा, तापमान लिहून ठेवायचं. नकाशाचे पुढचे ९० दिवस आजपासून सुरू. या वेळी भरतीच्या मुलांपैकी ज्यांना हवं त्यांच्या फोनवर नोंदीचं अॅप टाकून दिलं आहे; बॅटरी वाचवायची सेटिंग बंद ठेवायला सांगितलं, नाहीतर कोपरे कापले जातात.